फुली दिसली की सही

दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली एक पाटी असते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आपण गणपतीला नमस्कार करतो. आणि पाटीलाही.

ही पाटी कोणत्या कायद्यात आहे? कोणत्याच नाही. उलट २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. थोडक्यात, आपण कायदा मोडणार आहोत, असं दुकानदार रंगवून, फ्रेम करून, वर उदबत्ती ओवाळून सांगतो.

आणि आपण म्हणतो, ‘पाटीच लावलीय हो त्यांनी, आता काय बोलणार?’

(शर्ट घरी नेल्यावर आवडेनासा झाला, हा मालाचा दोष नव्हे. ते तुमचं तुम्ही निस्तरा.)

आपल्याकडे छापील अक्षराची मोठी दहशत. पाटीला भितो, पावतीच्या मागच्या बारीक मजकुराला भितो, नोटरीच्या लाल शिक्क्याला तर पाय धुऊनच हात लावायचा. आणि हाच माणूस बँकेत जातो, वीस वर्षांच्या कर्जाचा गठ्ठा पुढ्यात येतो आणि अर्ध्या तासात चाळीस-पन्नास सह्या ठोकून चहा पिऊन घरी येतो. काय लिहिलं होतं? ‘फॉर्मॅलिटी असते हो.’

जे आपल्याला बांधत नाही त्याला घाबरायचं. जे गळ्यापर्यंत बांधतं तिथं पेनाचं टोपण काढायचं.

आधी घाबरण्याचं बघू.

‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर लावावीत.’ ही पाटी वाचली की आपण गाडीच्या नावाने मनातल्या मनात पाणी सोडतो. १९९८ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्याने दारावरच्या माणसाकडे किल्ली दिली आणि आत गेला. बाहेर आला तर गाडी गायब. हॉटेलने पावती दाखवली, मालकाची जबाबदारी! सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की किल्ली घेतलीत म्हणजे गाडी सांभाळायला घेतलीत. स्वतःचा निष्काळजीपणा पावतीवरच्या छपाईने झाकता येणार नाही. (किल्ली तुमच्याच खिशात असेल तर गोष्ट निराळी.)

गाडी मारुती झेन होती. निकाल लागला तेव्हा कंपनीने झेन बनवणंच सोडून दिलं होतं.

हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्जही तसाच. तो सक्तीचा नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण सोबत सासरची मंडळी असताना ‘हा काढा’ म्हणायचं कोणी? कायदा तुमच्या बाजूने आहे. टेबल नाही.

आता स्टँपपेपर. ‘पाचशेच्या स्टँपवर लिहून घे’ हे आपल्या कायदेविषयक ज्ञानाचं शेवटचं स्टेशन. ऑक्टोबर २०२४ पूर्वी ते ‘शंभरच्या स्टँपवर’ होतं, महागाईने तेवढी प्रगती झाली. स्टँप म्हणजे सरकारचा कर, बाकी काही नाही. त्यावर खोटं लिहिलं तर ते कर भरलेलं खोटं होतं.

करार व्हायला तर कागदच लागतो असं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याला तोंडी करारही चालतो, फक्त दोघांची मोकळी संमती हवी, मोबदला हवा, हेतू बेकायदा नको. रिक्षात बसलात, मीटर पडला, करार झाला. जमीन-घराची विक्री वगैरे मोजके व्यवहार सोडले तर आपण दिवसभर करारच करत असतो. वकील न लावता निभावतंही.

पण नाही, स्टँपच हवा. हा विश्वास एवढा दांडगा की नाशिकच्या सरकारी छापखान्यातून भंगारात निघालेली यंत्रं मिळवून बनावट स्टँपवाल्या तेलगीने तो विश्वासच छापला आणि देशभर विकला. गिऱ्हाइकांनी दस्तात लिहिलेलं तरी कुठे वाचलं होतं, की कागद खरा की खोटा ते बघतील?

सरकार तरी कुठे वेगळं आहे? शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. आणि प्रतिज्ञापत्र स्टँपवर आणा, असं सांगतं कोण? शासकीय कार्यालय.

या स्टँपभक्तीचं सर्वांत लाडकं अपत्य म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. अकराच का? कारण बापाने अकराचा केला, आजोबांनी अकराचा केला. वर्षभराच्या पुढचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी सक्तीची, हा जुना नियम चुकवायला शोधलेली ती पळवाट. महाराष्ट्रापुरती ती पळवाट भाडे नियंत्रण कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वीच बुजवली. कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं असो की अकरा दिवसांचं, लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरी मालक म्हणतो, ‘कशाला रजिस्टर? नोटरी करू.’ नोटरी सांगतो एवढंच की ही सही या माणसाने माझ्यासमोर केली. आत लिहिलेलं खरं की खोटं, योग्य की अयोग्य, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शिक्का मात्र दणकून मारतो.

आणि याच कलमात गंमत आहे. करार नोंदवला नाही आणि पुढे भांडण झालं, तर भाडं किती, मुदत किती, अटी काय ठरल्या होत्या, याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं. खोटं आहे हे सिद्ध करायचं मालकाने. शहरातलं नोंदणी शुल्क एक हजार. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे महिना वीस हजारांच्या फ्लॅटला अकरा महिन्यांचे साडेपाचशेच्या आसपास. अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. एवढे पैसे वाचवायला मालक साठ-सत्तर लाखांच्या फ्लॅटबद्दल शेवटचा शब्द भाडेकरूच्या तोंडी देतो.

आणि भाडेकरूला हे माहीत असतं का? छे. तो बिचारा ‘अकरा महिने झाले, आता काय सांगतात कोण जाणे’ म्हणून बॉक्स न फोडताच राहत असतो.

घाबरण्याचं झालं. आता सह्यांकडे येऊ.

बँकेचा, फायनान्स कंपनीचा प्रतिनिधी घरी येतो. गठ्ठ्यावर पेन्सिलने फुल्या मारलेल्या. ‘सर, इथे, इथे आणि इथे.’ डाव्या हाताने तो पानं अशी उलटतो की फुली तेवढी दिसावी आणि मजकुरावर त्याचा पंजा यावा. ही कला कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात ते कळत नाही, पण येते सगळ्यांना. तुम्ही मध्येच एखादं पान धरून ठेवलंत तर तो तुमच्याकडे बघत नाही. घड्याळाकडे बघतो.

त्या गठ्ठ्यात एक पान नेहमी असतं. ‘वरील सर्व मजकूर मला माझ्या मातृभाषेत वाचून व समजावून सांगण्यात आला असून तो मला पूर्णपणे समजला आहे.’ त्याखाली तुमची सही.

हे निवेदन इंग्रजीत असतं.

रिझर्व्ह बँकेला हे ठाऊक नाही असं नाही. म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जदाराला एक ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं बंधनकारक केलंय. खरा वार्षिक दर किती, कोणकोणती शुल्कं, वसुली एजंटबाबत काय अट, सगळं सुटसुटीत आणि कर्जदाराला कळेल अशा भाषेत. शिवाय सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जासाठी विचार करायला किमान तीन कामाचे दिवस. तोवर देऊ केलेल्या अटी बदलायच्या नाहीत.

तीन कामाचे दिवस! आपण मिक्सर घेताना याहून जास्त घेतो. कर्ज मात्र मोबाइलवर, लोकलच्या दारात उभं राहून, सानपाडा ते जुईनगर.

सह्यांमधली सगळ्यात महागडी सही कुठली? स्वतःच्या कर्जाची नव्हे. दुसऱ्याच्या.

जामीनदार ही महाराष्ट्राची खास पैदास आहे. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात, आणि गावात पगारपत्रक असलेली माणसं दोनच, मास्तर आणि ग्रामसेवक. चुलतभाऊ येतो. चहा होतो. वहिनींच्या हातच्या पोह्यांची स्तुती होते. मग खिशातून घडी घातलेला फॉर्म निघतो. ‘नुसती सही दे रे. नावाला. फेडणार मीच आहे.’

मास्तर विचारतात, ‘काही होणार तर नाही ना?’

हा प्रश्न कोणाला विचारतायत? ज्याला पैसे हवेत त्याला.

करार कायद्याचं कलम १२८ एका ओळीचं आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. करारात वेगळं ठरलं असेल तरच कमी. निम्मी नाही, नंतरची नाही, नावाची तर नाहीच. ‘आधी त्याची जमीन विका, त्याचा ट्रॅक्टर ओढून न्या, मग माझ्याकडे या’ असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ मध्येच सांगून टाकलंय. कर्जदाराच्या मागे धावून दमल्यावरच जामीनदाराकडे यायचं असेल तर जामीन घ्यायचाच कशाला?

आणि सावकार काय, पतसंस्था काय, वसुली करणारा शहाणा असतो. तो आधी कुठे जातो? जिथे पैसे आहेत तिथे. कर्जदाराचा व्यवसाय बुडालेला असतो, फोन बंद असतो, जमीन बायकोच्या नावावर झालेली असते. मास्तरांचा पगार मात्र दर महिन्याला वेळेवर. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि कलम ४९ प्रमाणे पगारातून कपात सुरू होते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पत्र येतं तेव्हा मास्तरांना पहिल्यांदा कळतं की ‘नावाला’ म्हणजे कोणाच्या नावाला.

कायदा मास्तरांना अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क देतो. म्हणजे जे पतसंस्थेला, तिच्या वकिलाला आणि सहायक निबंधकांना जमलं नाही, ते आता मास्तरांनी करून दाखवायचं. आणखी एक सोय आहे. जामीनदाराला न विचारता संस्थेने कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो. करार कायद्याचंच कलम १३३. पण फॉर्मच्या मागच्या बाजूला सातव्या की आठव्या कलमात लिहिलेलं असतं की हा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.

पोहे खाताना मागची बाजू कोण बघतं?

विम्याचंही हेच. एजंट लांबचा नातेवाईक. प्रस्तावाचा फॉर्म तोच भरतो. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. शस्त्रक्रिया? नाही. ‘गोळी सुरू आहे माझी एक,’ असं तुम्ही म्हणता. ‘ते एवढं नसतं लिहायचं, उगाच मेडिकल लागेल,’ असं तो म्हणतो. खोटं तो लिहितो, सही तुमची, आणि दावा नाकारल्याचं पत्र तुमच्या बायकोला. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, कारण काहीही असो. पण त्यासाठी ती उघडावी लागते. बहुतेकांच्या पॉलिसीचा पीडीएफ पासवर्डसकट व्हॉट्सअॅपवर पडून असतो, खाली ‘थँक यू’चे दोन हात.

तरी गंमत बघा, तीन वर्षं निभावली की आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कंपनीला कोणत्याही कारणाने बोट ठेवता येत नाही. विमा कायद्याचं कलम ४५. हे कलम एजंट सांगत नाही. त्याला पहिल्या तीन वर्षांतच तुम्हाला दुसरी पॉलिसी विकायची असते.

आता एक सही अशी, जिच्यासाठी एजंटही लागत नाही. घरचेच पुरतात.

बाप जातो. तेराव्यानंतर भाऊ म्हणतो, ‘ताई, एकदा तालुक्याला यावं लागेल. हक्कसोडपत्र करून टाकू. सातबारावर उगाच नावं वाढवायची कशाला?’ वाढवायची म्हणजे बहिणींची. भावांची नावं वाढत नाहीत, ती लागतात.

हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा १९५६ पासूनच दिलाय. वडिलोपार्जितमध्ये महाराष्ट्राने १९९४ मध्ये अर्धं दार उघडलं, तेही त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरतं. केंद्राने २००५ मध्ये पूर्ण उघडलं. ‘पण बाबा २००५ च्या आधीच गेले ना’ ही शेवटची कडीही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये काढून टाकली. मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये बाप हयात असायची गरज नाही. (२० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप होऊन गेलं असेल तर ते उकरता येत नाही.)

सरकारने दिलं, कोर्टाने दिलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पंधरा मिनिटांत परत घेतलं.

तिथलं दृश्य बघण्यासारखं असतं. बाकावर तीन बहिणी, मधली लांबून आलेली. भावाने सगळ्यांना उसाचा रस पाजलाय. खिडकीतला माणूस विचारतो, ‘मजकूर वाचला का? मान्य आहे का?’ बहीण भावाकडे बघते. भाऊ म्हणतो, ‘हो, हो, वाचलाय.’ ‘तुम्हाला नाही, त्यांना विचारतोय.’ मग ती म्हणते, ‘हो.’ कॅमेऱ्यासमोर बसवतात, पदर नीट करायला सांगतात, अंगठा घेतात. दस्तात लिहिलेलं असतं, ‘कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने, विनामोबदला.’ बाहेर येऊन भाऊ साडी देतो.

तिथे दबाव नव्हताच. फक्त सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. करार कायद्याच्या कलम १६ मध्ये याला ‘अनुचित प्रभाव’ म्हणतात. घरात याला ‘आमच्या ताईला कसली हाव नाही’ म्हणतात.

आणि बहिणीला खरंच नको असेल तर? सोडू दे की! हक्क सोडायचाही हक्क असतो. पण किती एकर सोडतोय, रस्त्याकडेचं सोडतोय की नाल्याकडचं, आणि पुढच्या वर्षी त्यातून महामार्ग जाणार आहे का, हे ठाऊक असलेला बाकावर एकच माणूस असतो. तो रस पाजत असतो. नोंदवलेला दस्त रद्द करून घ्यायचा तर दिवाणी दावा, कारण कळल्यापासून तीन वर्षांत, आणि फसवणूक झाली हे सिद्ध करायचं तिनेच. साडी तोवर दोनदा धुतलेली असते.

एक मात्र बरं आहे. नुसत्या तोंडी ‘मला काही नको गं बाई’ने हक्क जात नाही. साध्या कागदावर लिहून, नोटरी करून घेतलेल्या हक्कसोडानेही स्थावरातला हक्क जात नाही, नोंदणी लागतेच. म्हणून तर भाऊ गाडी करून न्यायला येतो. एरवी बहिणीला एसटी आहेच.

नॉमिनीची सही त्यामानाने बाळबोध. ‘नाव लावलंय ना, मग पैसे तिचेच.’ नाही. नॉमिनी म्हणजे रक्कम हाती घेणारा. मालक ठरतो मृत्युपत्राने नाहीतर वारशाने. विम्यात आईवडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर कायदा वेगळं म्हणतो, बाकी ठिकाणी हेच. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला, तो ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात. उभ्या महाराष्ट्राला तिथी-वार सांगणाऱ्या घरालाही कोर्टाच्या तारखा चुकल्या नाहीत. सोसायटीत तर २०१९ पासून नॉमिनी नुसता तात्पुरता सभासद. पण मेंटेनन्स? तो पूर्ण.

नोकरीतल्या सह्यांबद्दल तरुणांची दोन टोकांची मतं असतात. एक गट म्हणतो, बाँड भरून दिलाय, आता मेलो. दुसरा म्हणतो, बाँडला काही अर्थ नसतो, यूट्यूबवर बघितलंय. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही, ही अट करार कायद्याच्या कलम २७ ने निरर्थक आहे, इतकं खरं. पण ठरलेल्या काळाआधी सोडलंस तर इतके पैसे भर, ही अट दर वेळी निरर्थक नसते. एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याचा दोन लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवला. यूट्यूबवाल्याने व्हिडिओ हटवला नाही. लाइक जास्त होते त्याला.

आणि बिल्डर! त्याच्याशिवाय सह्यांचं पुराण कसं पुरं होणार? रेरा कायदा म्हणतो, करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत. बिल्डर म्हणतो, ‘ऑफर गुढीपाडव्यापर्यंतच आहे.’ तुम्ही कोणाचं ऐकता? मोकळ्या जागेतलं किंवा स्टिल्टखालचं पार्किंग विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्याच एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. तेव्हापासून ते विकत नाहीत. ‘अलॉट’ करतात. चेक मात्र तेवढ्याचाच.

करारात लिहिलेलं असायचं, तुम्ही हप्ता उशिरा दिलात तर अठरा टक्के व्याज. बिल्डरला पैसे परत करायला उशीर झाला तर? गुरुग्रामच्या एका प्रकल्पात नऊ टक्के होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्यायच नव्हता, असला एकतर्फी करार त्याला बांधत नाही. ताबा घेताना ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून दिलंत, तरी उशिराच्या भरपाईचा हक्क आपोआप बुडत नाही, हेही २०२० मध्ये ठरलं. पण एवढं ऐकून माणूस काय म्हणतो? ‘जाऊ द्या हो. त्याच्याशी वाकडं घेऊन लिफ्ट बंद पडली तर?’

हा ‘जाऊ द्या’ आपला खरा कायदा. याच्यावर अपील नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. १९१५ वर फोन करता येतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील महिलांना फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा नंबर १५१००. दोन्ही नंबर किती जणांच्या मोबाइलमध्ये आहेत? ‘लकी ड्रॉ’वाल्याचा मात्र ब्लॉक करूनही येतो.

आणि समजा हक्क स्वतःच्या पायाने चालत दारात आला तर?

तोही येतो. घरकर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने घराची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत करायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला. डिसेंबर २०२३ पासून लागू. दर दिवसाला! इतका रोज तर घर बांधणाऱ्या मिस्त्रीलाही मिळत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांचे कागद दोन महिने झाले तरी आले नव्हते. आज या, उद्या या, सेंट्रल स्टोअरमधून निघालेत, साहेब रजेवर आहेत. हिशेबाने दीड लाखाच्या आसपास झाले होते. त्यांना नियम सांगितला, परिपत्रक छापून हातात दिलं. ते ताठ मानेने शाखेत गेले. काउंटरवरच्या माणसाने हसून खुर्ची दिली, पाणी मागवलं, फाइल काढली. कागद आलेच होते. त्याने पोचपावती पुढे सरकवली. पेन्सिलची फुली होतीच.

‘काका, फक्त इथे सही. कागद मुदतीत मिळाले म्हणून. तारीख आम्ही टाकतो.’

काकांनी परिपत्रकाची घडी केली, खिशात ठेवली आणि त्याच्याकडेच पेन मागितलं.